राखीव जागेची अमानत



रुग्णालय, बँक, मॉल किंवा मोठ्या गृहनिर्माण सोसायटीच्या प्रवेशद्वाराजवळ जमिनीवर चाकाच्या खुर्चीचे चिन्ह रंगवलेली जागा आपण पाहिली असेल. इतर गाड्यांसाठी आखलेल्या चौकटींपेक्षा ही चौकट रुंद असते. राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे तिची रुंदी किमान ३.६ मीटर असावी आणि इमारतीच्या दारापासून ती ३० मीटरपेक्षा लांब नसावी. या दोन्ही मापांमागे कारण आहे. गाडीचे दार पूर्ण उघडावे, त्याला लागून चाकाची खुर्ची उभी राहावी आणि बसणाऱ्याने आसनावरून खुर्चीवर सरकावे, एवढी रुंदी त्यासाठी लागतेच. कुबड्यांवर किंवा कृत्रिम पायावर चालणाऱ्याला प्रत्येक पाऊल मोजून टाकावे लागते, म्हणून अंतरालाही मर्यादा घातली आहे.

ज्या शहराने देशाला स्कूटर, रिक्षा आणि ट्रक दिले, त्या पिंपरी-चिंचवडमध्ये आणि पुढे चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात आज वाहन उभे करण्याची जागा हाच रोजचा तंटा झाला आहे. या टंचाईत दिव्यांगांसाठी राखलेली चौकट मोकळी दिसली की कोणीतरी तेथे गाडी लावतो. दुसरीकडे, खरोखर हक्क असलेला मनुष्य त्या चौकटीत उतरतो तेव्हा लोक त्याच्याकडे रोखून पाहतात आणि आपापसात म्हणतात की, हा तर चांगला धडधाकट दिसतो.

हे दोन वेगळे अपराध आहेत. पहिल्यात दुसऱ्याचा हक्क घेतला जातो, तर दुसऱ्यात दुसऱ्याच्या अब्रूवर हात टाकला जातो. पहिला अपराध करणाऱ्याला निदान चुकल्यासारखे वाटते. दुसरा करणाऱ्याला मात्र आपण न्यायाची बाजू घेत आहोत असे वाटत असते, म्हणून तो ओळखणे अधिक कठीण. आजच्या पाठात या दोहोंचा विचार कुरआन आणि हदीसच्या प्रकाशात करू.

रिकामी दिसणारी जागा

राखीव जागेत गाडी लावणाऱ्याची कारणे ठरलेली असतात. पाच मिनिटांत परत येतो, एवढा वेळ जागा रिकामीच होती, दिव्यांग गाडीवाला कोणी आला तर काढून घेईन, आणि जागा ही पहिला येईल त्याची.

शेवटच्या कारणाला वरवर पाहता धर्मशास्त्राचा आधार आहे असे वाटू शकते. ज्या वस्तूपर्यंत कोणी पोहोचलेले नाही, तिच्यापर्यंत जो आधी पोहोचला त्याचा तिच्यावर अधिक हक्क, या आशयाची हदीस अबू दाऊदच्या संग्रहात आहे. परंतु तो नियम ज्या वस्तूवर कोणाचाच हक्क ठरलेला नाही तिच्यासाठी आहे. येथे हक्क आधीच ठरलेला आहे. हक्कदार त्या क्षणी समोर नाही, एवढेच.

वक्फचे उदाहरण घ्या. एखाद्याने विहीर प्रवाशांसाठी वक्फ केली तर त्या दिवशी कोणी प्रवासी आला नाही म्हणून शेजाऱ्याला तिच्यावर आपला मळा भिजवता येत नाही. वक्फ करणाऱ्याने घातलेली अट शरीअतच्या आदेशासारखी पाळावी, असा फिक्हचा प्रसिद्ध नियम आहे. राखीव चौकट ही काटेकोर अर्थाने वक्फ नव्हे. तरीही समाजाने आणि कायद्याने ती एका विशिष्ट गरजेसाठी बाजूला काढून ठेवली आहे, आणि सोसायटीचा सभासद, गिऱ्हाईक किंवा नागरिक या नात्याने आपण ती व्यवस्था मान्य केली आहे. म्हणून ती आपल्या सर्वांच्या हाती सोपवलेली अमानत ठरते. अमानती त्यांच्या हक्कदारांकडे पोहोचवाव्यात आणि लोकांमध्ये निवाडा करताना न्यायाने करावा, असा आदेश सूरह अन्-निसाच्या ५८ व्या आयतीत आहे. अमानत आणि न्याय या दोन्ही गोष्टी अल्लाहने एकाच आयतीत सांगितल्या आहेत. आपल्या विषयालाही या दोहोंची गरज आहे.

पाच मिनिटांच्या सबबीचेही असेच आहे. चाकाच्या खुर्चीवरचा मनुष्य त्याच पाच मिनिटांत आला तर तो हॉर्न वाजवून कोणाला शोधणार? त्याला खाली उतरता येत नाही, कारण उतरण्यासाठी लागणारी जागाच आपण घेतलेली असते. तो दोन फेऱ्या मारतो आणि काम न करता घरी जातो. आपण परत येतो तेव्हा चौकटीपाशी कोणीच नसते आणि आपली समजूत होते की, पाहा, कोणाचेही नुकसान झाले नाही. ज्याचे नुकसान झाले तो तेथून निघून गेलेला असतो.

आपल्या पट्ट्यात या प्रश्नाचे आणखी एक रूप आहे. येथे अनेक दिव्यांग कामगार मोटारीने येत नाहीत. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना जादा चाके बसवलेली स्कूटर हे त्यांचे वाहन. ही स्कूटर साध्या दुचाकीपेक्षा रुंद असते आणि तिला तिरकी करून बाहेर काढता येत नाही. कंपनीच्या वाहनतळावर किंवा बाजारात तिच्या दोन्ही बाजूंना अंगाला अंग लावून दुचाकी उभ्या केल्या की त्या मनुष्याची पाळी संपली तरी तो अडकून पडतो. जमिनीवर कोणतेही चिन्ह रंगवलेले नसले तरी हा त्रास आपणच दिलेला असतो. ईमानच्या साठ-सत्तर शाखांपैकी सर्वांत लहान शाखा म्हणून प्रेषित मुहम्मद (स.) यांनी वाटेतील त्रासदायक वस्तू दूर करणे सांगितले आहे (मुस्लिम). जी वस्तू उचलणे ईमानचा भाग आहे, ती वाटेत आणून ठेवणे कशाचा भाग असेल, याचा विचार प्रत्येकाने करावा.

दोन सशक्त पुरुषांची हकीगत

आता दुसऱ्या अपराधाकडे वळू. त्यासाठी अबू दाऊद आणि नसाई यांच्या संग्रहांतील एक हदीस फार उपयोगी आहे.

ह. उबैदुल्लाह बिन अदी (रह.) यांना दोन पुरुषांनी सांगितलेली ही हकीगत आहे. अखेरच्या हजच्या वेळी प्रेषित (स.) सदक्याचे वाटप करीत होते. हे दोघे त्यांच्याकडे गेले आणि त्यांनी त्यातील वाटा मागितला. प्रेषितांनी (स.) नजर वर करून त्यांना पाहिले, पुन्हा खाली आणली. दोघेही त्यांना अंगाने मजबूत दिसले. तेव्हा त्यांनी सांगितले की, तुमची इच्छा असेल तर मी तुम्हांला देतो. मात्र यात श्रीमंताचा वाटा नाही आणि कमावण्याची ताकद असलेल्या सशक्त माणसाचाही नाही.

या छोट्या प्रसंगात तीन गोष्टी आहेत. पहिली, नियम लपवला नाही. सदका कोणासाठी आहे आणि कोणासाठी नाही, हे मागणाऱ्यांच्या तोंडावर स्पष्ट सांगितले. दुसरी, दिसण्यावरून निकाल दिला नाही. ते सशक्त दिसत होते, तरी त्यांना खोटे ठरवले नाही, इतरांसमोर लाजवले नाही, घरची झडती घेतली नाही. दिसण्यापलीकडे एखादे कारण असू शकते, ही शक्यता मोकळी ठेवली. तिसरी, जबाबदारी मागणाऱ्याच्या विवेकावर ठेवली. आता घेतले तर ते जाणूनबुजून घेतले, आणि त्याचा जाब अल्लाहपुढे द्यावा लागेल.

ज्यांच्याकडे वह्य येत होती, त्या प्रेषितांनी (स.) डोळ्यांना दिसणाऱ्या शरीरावरून अंतिम निर्णय केला नाही. मग वाहनतळावर दहा सेकंद पाहून आपण तो कसा करतो?

जे डोळ्यांना दिसत नाही

सूरह अल्-बकरहच्या २७३ व्या आयतीत अशा गरजवंतांचे वर्णन आहे, जे हात पसरत नाहीत आणि त्यांच्या या संयमामुळे अजाण मनुष्य त्यांना सुखवस्तू समजतो. येथे अल्लाहने चुकीचा अंदाज बांधणाऱ्याला अजाण म्हटले आहे. गरज चेहऱ्यावर लिहिलेली असतेच असे नाही, हा या आयतीतील धडा आहे.

अशीच एक हकीगत बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. ह. इब्ने अब्बास (रजि.) यांनी अता बिन अबी रबाह (रह.) यांना एक कृष्णवर्णीय स्त्री दाखवली आणि सांगितले की, ही जन्नतच्या स्त्रियांपैकी आहे. तिला अपस्माराचे झटके येत. तिने प्रेषितांकडे (स.) येऊन दुआ करण्याची विनंती केली होती. सबुरी केलीस तर जन्नत आहे, आणि इच्छा असेल तर बरी होण्यासाठी दुआ करतो, असे दोन पर्याय त्यांनी तिच्यापुढे ठेवले. तिने सबुरी निवडली. झटक्यात अंगावरचे वस्त्र सरकू नये, एवढ्यासाठी मात्र तिने दुआ मागितली आणि प्रेषितांनी (स.) ती केली. अता (रह.) यांनी तिला पाहिले तेव्हा ती आजारी आहे हे त्यांना कोणी सांगितल्याशिवाय कळले नसते. प्रेषितांनी (स.) तिच्या दुखण्याचा पुरावा मागितला नाही. तिच्या मर्यादशीलतेची चिंतासुद्धा त्यांनी स्वतःची मानली.

आपल्या देशाचा कायदाही आता या दिशेने आला आहे. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार मानले होते. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ मध्ये ते २१ झाले. त्यांत हिमोफिलिया, थॅलेसेमिया, सिकल सेल, मल्टिपल स्क्लेरॉसिस, पार्किन्सन, मानसिक आजार आणि स्वमग्नता यांचा समावेश आहे. यांतील कित्येक गोष्टी वाटेने जाणाऱ्याला दिसत नाहीत. हिमोफिलियाच्या रुग्णाच्या गुडघ्यात रक्तस्राव होऊन सांधा निकामी होत जातो. एखाद्या दिवशी तो सहज चालतो, दुसऱ्या दिवशी त्याला पाय टेकवत नाही. मल्टिपल स्क्लेरॉसिस असलेली स्त्री सकाळी जिना चढते आणि दुपारी तिच्या पायांतील बळ जाते. सकाळी तिला पाहिलेला शेजारी दुपारी तिला नाटकी म्हणतो. दोन्ही वेळा ती खरीच असते.

कारखान्यांच्या या पट्ट्याला ही गोष्ट निराळी सांगायला नको. पत्रा दाबणाऱ्या पॉवर प्रेसखाली बोटे गेलेले कामगार आपल्या मोहल्ल्यांत आहेत. कर्मचारी नुकसानभरपाई अधिनियम, १९२३ च्या अनुसूचीत पूर्ण अंगठा गेल्यास कमाईच्या क्षमतेची ३० टक्के आणि पूर्ण तर्जनी गेल्यास १४ टक्के हानी धरली होती. दिव्यांगांसाठीच्या बहुतेक सवलतींसाठी मात्र किमान ४० टक्के अपंगत्व लागते. ही दोन मोजमापे वेगवेगळ्या कामांसाठी आहेत. कायद्याला कोठेतरी रेघ मारावीच लागते, हे खरे. पण रेघेच्या अलीकडे राहिलेला मनुष्य ढोंगी ठरत नाही, आणि पलीकडे असलेल्याचे दुखणे नजरेत भरलेच पाहिजे असेही नाही.

कागद आणि आग

येथे एक रास्त शंका येते. दिसण्यावरून ठरवायचे नाही तर मग खोट्यांना रान मोकळे नाही काय? कोणीही प्रमाणपत्र मिळवेल आणि मिरवेल.

या शंकेचे उत्तर ह. उम्मे सलमा (रजि.) यांच्याकडून आलेल्या हदीसमध्ये आहे, जी बुखारी आणि मुस्लिम दोघांनी नोंदवली आहे. प्रेषितांनी (स.) सांगितले की, ते एक मनुष्य आहेत, लोक त्यांच्याकडे तंटे घेऊन येतात, एखादा दुसऱ्यापेक्षा आपली बाजू अधिक प्रभावीपणे मांडतो आणि ऐकल्याप्रमाणे निकाल दिला जातो. परंतु अशा निकालाने ज्याला आपल्या भावाचा हक्क मिळाला, त्याला आगीचा तुकडा मिळाला असे त्याने समजावे.

खोट्या प्रमाणपत्राचे स्थान यावरून कळते. शिक्का खरा असेल, सहीही खरी असेल, परंतु सांगितलेली माहिती खोटी असेल तर त्या कागदाने हराम वस्तू हलाल होत नाही. हाच न्याय आणखी एका नित्याच्या प्रकाराला लागू होतो. वडिलांच्या नावाचे दिव्यांग ओळखपत्र गाडीत ठेवलेले असते, वडील घरी असतात आणि मुलगा त्या कागदावर राखीव जागेत गाडी लावून खरेदीला जातो. कागद खरा आहे, वापर खोटा आहे. ती जागा वडिलांच्या पायांसाठी होती, गाडीच्या क्रमांकासाठी नव्हती.

ज्याच्याकडे योग्य प्रमाणपत्र आहे त्यालाही स्वतःला एक प्रश्न विचारता येतो. ऐकू न येणाऱ्या पण व्यवस्थित चालणाऱ्या माणसाने दारालगतची जागा घ्यावी, की ज्याला चालता येत नाही त्याच्यासाठी सोडावी? हा प्रश्न त्याने स्वतःला विचारला तर तो तकवा आहे. तोच प्रश्न आपण त्याच्या अंगावर फेकला तर ती आगळीक आहे.

२०२४ च्या जुलै महिन्यात पुण्यात नेमणूक झालेल्या एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्यांचे प्रकरण देशभर गाजले. त्यांच्या अपंगत्वाच्या प्रमाणपत्रांवर प्रश्न उपस्थित झाले, आणि त्यांतील एक पिंपरीच्या यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयाचे असल्याने आपल्या शहराचे नाव रोज वृत्तपत्रांत येऊ लागले. संघ लोकसेवा आयोगाने ३१ जुलै २०२४ रोजी परीक्षेच्या नियमांचा भंग झाल्याच्या कारणावरून त्यांची उमेदवारी रद्द केली. पुढे प्रकरण न्यायालयात गेले. संबंधितांनी आरोप नाकारले आहेत. नाव अनेकांना माहीत आहे. या पाठासाठी त्याची गरज नाही.

या प्रकरणातून दोन धडे घेता येतात. पहिला असा की, पिंपरीच्या त्या प्रमाणपत्रावर सात टक्के अपंगत्वाची नोंद होती, म्हणजे ४० टक्क्यांच्या मर्यादेहून कितीतरी कमी. हे वृत्तपत्रांत छापूनही आले. तरी चर्चा करणाऱ्यांपैकी किती जणांनी ते वाचले होते? निकाल आधी आणि माहिती नंतर, अशी आपली रीत झाली आहे. ज्याचे ज्ञान नाही त्याच्या मागे लागू नये, कारण कान, डोळे आणि हृदय या सर्वांना जाब द्यावा लागेल, असे सूरह बनी इस्राईलच्या ३६ व्या आयतीत बजावले आहे. दुसरा धडा असा की, एका प्रकरणाची चौकशी झाली म्हणजे हजारो निरपराध प्रमाणपत्रधारकांवर संशय घेण्याचा परवाना मिळाला असे होत नाही. आरोपांचा निवाडा आयोगाने आणि न्यायालयाने करावा. तो आपल्या जिन्यात बसून करण्याचा विषय नाही.

विचारण्याचा अधिकार कोणाला?

सूरह अल्-हुजुरातमध्ये दोन आदेश जवळजवळ आहेत. सहाव्या आयतीत, भरवसा नसलेल्या माणसाने बातमी आणली तर तिची छाननी करून घ्यावी असे सांगितले आहे. बाराव्या आयतीत पुष्कळशा शंकांपासून दूर राहण्यास सांगितले आहे, दुसऱ्यांच्या गोष्टी हुडकत बसण्यास मनाई केली आहे आणि गीबतला मेलेल्या भावाचे मांस खाण्याची उपमा दिली आहे. छाननी आणि हेरगिरी यांतील फरक येथे समजून घ्यावा. ज्याच्यावर काम सोपवले आहे, तो कामापुरती आणि सर्वांची सारखी छाननी करतो. हेरगिरी करणारा स्वतःहून उठतो, आपल्या मनातील संशयासाठी पुरावे गोळा करतो आणि ते चार लोकांत वाटतो.

रुग्णालयाच्या सुरक्षारक्षकाने राखीव जागेत येणाऱ्या प्रत्येक गाडीला एकाच नम्र भाषेत ओळखपत्र विचारले तर तो आपले कर्तव्य करतो. सोसायटीच्या समितीने आधीच कागद पाहून गाडीला चिठ्ठी दिली तर रोजचा वाद मिटतो आणि सभासदाला आपले दुखणे प्रत्येक शेजाऱ्याला उघड करून दाखवावे लागत नाही. आपल्याला गैरवापर दिसला तर रक्षकाला किंवा समितीला कळवणे हेही योग्यच आहे. परंतु गाडीतून उतरणाऱ्या स्त्रीचा चोरून फोटो काढणे, तो व्हॉट्सॲपच्या गटात टाकणे आणि खाली हसण्याची चिन्हे गोळा करणे, यात छाननीचा अंशही नाही. त्यात संशय आहे, गीबत आहे आणि थट्टा आहे. थट्टा आणि वाईट टोपणनावे यांची मनाई त्याच सूरहच्या अकराव्या आयतीत आहे. शारीरिक व्यंगावरून माणसाला हाक मारण्याची आपल्याकडची जुनी सवय या मनाईत येते.

कायद्यानेही दोन्ही बाजूंना कुंपण घातले आहे. २०१६ च्या अधिनियमाच्या कलम ९१ प्रमाणे, दिव्यांगांसाठी असलेला लाभ फसवून घेणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. कलम ९२ प्रमाणे, दिव्यांग व्यक्तीला चारचौघांत हेतुपुरस्सर अपमानित करणाऱ्याला किमान सहा महिने आणि कमाल पाच वर्षे कैद व दंड आहे. वाचकांनी या दोन शिक्षांची तुलना करून पाहावी. फसवणुकीपेक्षा अपमानाची शिक्षा कायद्याने अधिक कडक ठेवली आहे.

मशिदीच्या दारापासून सुरुवात

सुधारणेची सुरुवात दुसऱ्याच्या दारापासून करण्याचा मोह असतो. आपण ती आपल्या मशिदीच्या दारापासून करू.

जुम्याच्या दिवशी पाळी सुटल्यावर कामगार घाईने येतात. दुचाकी मिळेल तेथे उभ्या राहतात. कित्येकदा उताराच्या तोंडावर, पायऱ्यांच्या कठड्याला लागून आणि वुजूखान्याच्या वाटेवर. आत आपण खांद्याला खांदा लावून सफ सरळ करतो. बाहेर काठी टेकत आलेला वृद्ध दोन हँडलांच्या फटीतून वाट शोधत असतो.

अंध सहाबी ह. अब्दुल्लाह बिन उम्मे मक्तूम (रजि.) हे प्रेषितांच्या (स.) मशिदीचे एक मुअज्जिन होते. त्यांच्याकडे क्षणभर दुर्लक्ष झाले तेव्हा सूरह अबसच्या आरंभीच्या आयती अवतरल्या. पुढे प्रेषित (स.) मदीनेबाहेर जात तेव्हा त्यांनी अनेकदा यांनाच मदीनेत आपल्या जागी नेमले. दृष्टी अधू झालेले ह. इत्बान बिन मालिक (रजि.) यांना पावसात ओढा भरला की मशिदीपर्यंत जाता येत नसे. त्यांनी विनंती केली तेव्हा प्रेषित (स.) ह. अबू बक्र (रजि.) यांच्यासह त्यांच्या घरी गेले आणि तेथे नमाज अदा केली (बुखारी). ज्याला येणे कठीण, त्याच्यापर्यंत स्वतः जाण्याची ही सुन्नत आहे. आपल्याला तर केवळ वाट मोकळी ठेवायची आहे.

ह. मुआज (रजि.) यांनी नमाज फार लांबवली तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांना तीव्र शब्दांत समज दिली की, त्यांच्या मागे वृद्ध, दुर्बल आणि कामाची निकड असलेले लोक उभे असतात. ह. उस्मान बिन अबुल आस (रजि.) यांना त्यांच्या लोकांचे इमाम नेमताना, जमातीतील सर्वांत दुर्बल माणसाला नजरेसमोर ठेवावे असे सांगितले (अबू दाऊद). नमाजसारख्या श्रेष्ठ इबादतीचे मापही सर्वांत अशक्त माणसावरून ठरते. मग मशिदीच्या अंगणाचे, उताराचे आणि वाहनतळाचे माप कोणावरून ठरावे, हे वेगळे सांगायला नको.

मशिदीच्या विश्वस्तांना फार खर्च न करता पुढील गोष्टी करता येतील. दारालगत एक रुंद चौकट आखून ती जादा चाकांच्या स्कूटरसाठी आणि चाकाच्या खुर्चीसाठी राखावी. उताराच्या तोंडाशी गाडी लावू नये, अशी सूचना जुम्याच्या खुत्ब्यापूर्वी द्यावी. दोन स्वयंसेवक नेमावेत आणि त्यांना एकच वाक्य शिकवावे: ही जागा गरजवंतांसाठी आहे. एवढे सांगून स्वयंसेवकाने थांबावे. गरज आहे की नाही हे ऐकणाऱ्याने ठरवावे. त्या दोन सशक्त पुरुषांशी प्रेषित (स.) असेच वागले होते.

दिवाळखोर कोण?

प्रेषितांनी (स.) एकदा सहाबींना विचारले की, दिवाळखोर कोणाला म्हणतात. ज्याच्याकडे पैसा आणि सामान नाही तो, असे उत्तर आले. तेव्हा त्यांनी समजावले की, आपल्या समुदायातील खरा दिवाळखोर कियामतच्या दिवशी नमाज, रोजे आणि जकात घेऊन येईल. पण त्याने कोणाला शिवी दिली असेल, कोणावर आळ घेतला असेल, कोणाचा माल खाल्ला असेल. त्याची पुण्यकर्मे त्या लोकांना वाटून दिली जातील, आणि ती संपली तर त्यांचे गुन्हे त्याच्यावर टाकले जातील (मुस्लिम).

या यादीत आळ घेणे आणि माल खाणे एकाच रांगेत आले आहेत. राखीव जागा बळकावणारा आणि हक्काने उतरलेल्याला ढोंगी म्हणणारा एकमेकांना दोष देत असतात, परंतु हिशेबाच्या दिवशी दोघे एकाच रांगेत उभे राहू शकतात. अल्लाहचा हक्क बुडाला तर त्याच्या क्षमेची आशा धरता येते. बंद्याचा हक्क त्या बंद्याकडूनच माफ करून घ्यावा लागतो. वाहनतळावरून दोन फेऱ्या मारून निघून गेलेल्या त्या अनोळखी माणसाला आपण कोठे शोधणार?

घरात चर्चेसाठी

१. आपल्या इमारतीत, कारखान्यात किंवा मशिदीत चाकाची खुर्ची दारापर्यंत विनाअडथळा पोहोचते काय? या आठवड्यात मुलांना सोबत घेऊन ती वाट चालून पाहा.

२. घरातील वृद्धाचे किंवा दिव्यांगाचे ओळखपत्र ती व्यक्ती सोबत नसताना कोणी वापरतो काय?

३. एखादी व्यक्ती धडधाकट दिसते म्हणून तिच्या दुखण्याविषयी आपण घरात काय बोललो आहोत? मुलांनी ते ऐकले असेल तर आता त्यांना काय सांगावे?

४. दोन सशक्त पुरुषांच्या हकीगतीत प्रेषितांनी (स.) काय सांगितले आणि काय विचारले नाही?

अल्लाह आपणांस दुसऱ्याच्या हक्कापासून हात आणि दुसऱ्याच्या अब्रूपासून जीभ आवरण्याची ताकद देवो, आणि आपल्यातील दुर्बलांसाठी आपली अंतःकरणे व आपल्या वाटा मोकळ्या करो. आमीन.